बाप म्हणून रुजू होताना: गोव्यातल्या पहिलटकर बापांसाठी

गोव्यात बाळाशी संबंधित जेवढी सरकारी दारं आहेत, त्या सगळ्यांवर आईचं नाव आहे. माता-बाल संरक्षण कार्ड, माता सभा, ममता योजना, मातृवंदना योजना. 'वडिलांसाठी' असा फलक मला अजून कुठल्या आरोग्य केंद्रावर दिसलेला नाही. परिणाम असा की नवा बाप एकतर बाहेर दुचाकीवर बसून मोबाईल बघत राहतो, नाहीतर पैशांचं तेवढं बघतो आणि आपलं काम झालं असं समजतो. मी डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. प्रवेशाच्या दिवशी वडिलांना विचारावं, मुलाला शेवटची लस कधी दिली? दहातले बरेचजण लगेच बायकोला फोन लावतात. माणसं वाईट नसतात हो. त्यांना कोणी आत बोलावलेलंच नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: बोलावणं येईल म्हणून थांबू नका. आईसाठी उघडलेल्या दारातूनच आत शिरा. तुम्हाला कोणी अडवत नाही. आणि घरी बाळाचं एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या नावावर करून घ्या. 'सांग, काय करू?' असं विचारणारा नवरा बायकोचं काम कमी करत नाही, सांगण्याचं आणखी एक काम वाढवतो.

पायरी १: कार्ड स्वतः वाचा

गरोदरपणाची नोंदणी झाली की आरोग्य केंद्रातून माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते बायकोच्या पर्समध्ये राहतं आणि बाप ते पहिल्यांदा बघतो तेव्हा बाळ वर्षाचं झालेलं असतं. पहिल्याच आठवड्यात ते उघडा. प्रसूतीची अपेक्षित तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन आणि जोखमीची नोंद, एवढं पाठ पाहिजे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे असं धरतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत मोफत तपासणी असते. निदान एकदा तरी सुट्टी काढून बरोबर जा आणि बाहेर न थांबता डॉक्टरांसमोर बसा. विचारायचं काय, हा प्रश्न पडत असेल तर तीन गोष्टी विचारा: जोखीम काही आहे का, प्रसूती इथे होईल की म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवाल, आणि कुठली लक्षणं दिसली की रात्रीसुद्धा निघायचं.

गोळ्यांचं काम तुम्ही घ्या. लोहाची गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. ती आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. आपल्याकडे चहाची वेळ चुकत नाही, गोळीची चुकते. म्हणून रोज कोण देणार ते ठरलेलं बरं.

बाळंतपण पावसाळ्यात येणार असेल तर सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत गाडी कुठून काढायची ते आधी बघून ठेवा. १०८ ला फोन करताना घराची खूण सांगता आली पाहिजे. 'देवळाच्या मागं' म्हटलं तर गावात चार देवळं असतात.

पायरी २: रजेचा हिशेब

सरकारी नोकरीत असाल तर पितृत्व रजा तुमचा हक्क आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधल्या ४३-अ या नियमात १५ दिवसांची पगारी रजा आहे. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही हेच रजा नियम लागू होतात. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असली पाहिजेत. प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून ते प्रसूतीनंतर ६ महिन्यांपर्यंत ती घेता येते. या मुदतीत घेतली नाही तर बुडते. ती तुमच्या खात्यातल्या इतर रजेतून कापली जात नाही, दुसऱ्या रजेला जोडून घेता येते, आणि सहसा नाकारायची नाही असंही नियमात म्हटलं आहे. एक वर्षाच्या आतलं मूल कायदेशीर दत्तक घेतलं तरी एवढीच रजा मिळते. बायको नसलेल्या, म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित बापाला २०१८ पासून बालसंगोपन रजाही मिळते: पूर्ण नोकरीत ७३० दिवस, पहिले ३६५ पूर्ण पगारी आणि पुढचे ८० टक्के पगारावर.

खाजगी नोकरीत चित्र वेगळं आहे. वेर्ण्याच्या कारखान्यात, कळंगुटच्या हॉटेलात किंवा दुकानात काम करणाऱ्या बापाला पितृत्व रजा देणारा कायदा देशात नाही. आईला २६ आठवडे, बापाला मालकाची मर्जी. काही कंपन्यांच्या धोरणात ही रजा असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यातच एचआरकडे लेखी विचारा. रजा नसेल तर रात्रपाळी बदलून मागा. निदान दोन महिने पहिली पाळी मिळाली तरी संध्याकाळ आणि रात्र तुमच्या हातात येते. शिवाय ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, हे कायद्यात आहे. बायकोच्या कंपनीत ती आहे का, हेही तुम्हीच विचारा.

आता रजा घ्यायची कधी? बहुतेकजण बाळ झालं त्या दिवसापासून घेतात. मला हे पटत नाही. त्या दिवसांत सासूबाई, आई, मावशी, न्हाऊ घालणारी बाई, सगळ्या हजर असतात आणि तुम्ही पेढे वाटत फिरता. खरा ताण येतो तो बायको माहेराहून परतते आणि घरात दोघंच उरता तेव्हा. प्रसूतीच्या वेळी किरकोळ रजा किंवा अर्जित रजा वापरा, आणि पितृत्व रजा सहा महिन्यांच्या आत त्या परतीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा.

पायरी ३: दवाखान्यात

प्रसूती कक्षात बायकोजवळ कोणीतरी असावं हे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच मान्य केलं. सरकारी दवाखान्यात ही सोबतीण मुख्यतः बाई असते. आडपडद्याची सोय असेल तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. मोठ्या कक्षात इतर बायकाही असतात, त्यामुळे नकार मिळाला तर वाद घालू नका. सोबत कोण जाणार हे आधी ठरवा आणि आपण फाईल, रक्ताची सोय आणि फोन सांभाळा.

नंतरच्या तासात मात्र तुमची गरज असते. बाळाला पहिला घास म्हणून मध, साखरेचं पाणी, गुटी चाटवायला कोणी ना कोणी पुढे येतंच. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, आणि पहिले सहा महिने आईचं दूध सोडून पाणीसुद्धा नाही, एप्रिल-मेच्या घामातही नाही. हे सुनेने सांगितलं की भांडण होतं, मुलाने सांगितलं की आजी ऐकते. 'आई, डॉक्टरांनी कार्डावर लिहूनच दिलंय' एवढं पुरतं.

बाळ कमी वजनाचं असेल, म्हणजे अडीच किलोच्या आत, तर कांगारू पद्धत शिकून घ्या. त्यात बापाची छाती आईच्या छातीइतकीच चालते. शर्ट काढून मागे टेकून बसायचं. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी. ते छातीच्या मधोमध उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं, आणि वरून मऊ सुती कपड्याने दोघांना एकत्र बांधायचं. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच ही ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते. जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास सांगते. इतके तास एकट्या बाळंतिणीने कसे काढायचे? तिला जेवायचं असतं, अंघोळ करायची असते, झोपायचं असतं. सिस्टरना स्पष्ट सांगा, 'मला शिकवा, मी बसतो.' त्या शिकवतात.

पायरी ४: माहेरचे महिने

पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडच्या मुली गोव्यात नांदायला आलेल्या असतील तर बाळ तीन-चार महिने राज्याबाहेरच असतं. रीत मोडा असं मी सांगणार नाही. बाळंतिणीला आईजवळ जो आराम मिळतो तो सासरी मिळेलच असं नाही. पण जावई रविवारी पाहुणा म्हणून जातो, त्याच्यासाठी सुरमई तळली जाते, बाळाला पाच मिनिटं मांडीवर ठेवतात आणि रडलं की काढून घेतात. इथेच बाप मागे पडतो.

यावर उपाय म्हणजे मुक्काम. शनिवारी रात्री जा आणि ती रात्र बाळाची जबाबदारी आपल्याकडे घ्या. दूध आई पाजेल, पण आधीचं लंगोट बदलणं, तिच्याजवळ आणून देणं, नंतर ढेकर काढणं आणि पुन्हा निजवणं हे तुमचं. ढेकर काढताना बाळाची हनुवटी आपल्या खांद्यावर येईल इतकं वर घ्या, एक हात मानेमागे, दुसऱ्या हाताने पाठीवर खालून वर हलकेच थोपटा. पाच-दहा मिनिटं लागतात. खांद्यावर जुना मऊ पंचा टाका, नाहीतर शर्टावर दूध ठरलेलं. सासूबाई म्हणतील, 'राहू दे हो, तुम्हाला जमायचं नाही.' हसून म्हणा, 'शिकवा ना मग.' शिकवायला सांगितलं की कुठलीच सासू नाही म्हणत नाही.

पायरी ५: नोंद आणि नाव

हे काम पूर्णपणे बापाने घ्यावं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. पेडण्याचं बाळ बांबोळीला जन्मलं तर नोंद बांबोळीच्या हद्दीत. सावंतवाडीला जन्मलं तर महाराष्ट्रात. माहेरी पाठवताना हे लक्षात असू द्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे.

बारशाचं नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करता येते. बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही. पण अक्षर न् अक्षर तपासा: वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग. गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि ती वाट लांबची आहे. 'नाईक'चं इंग्रजी स्पेलिंग बापाच्या आधारवर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरं, हे मी प्रवेशाच्या टेबलावर दरवर्षी बघतो.

त्याच फेरीत अंगणवाडीत जाऊन योजनांची चौकशी करा. मातृवंदनेत पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. राज्याची ममता योजना मुलीच्या जन्मासाठी आहे. पैसे आईचे, खेटे तुमचे.

पायरी ६: लस हे बापाचं खातं

एकच काम पूर्ण नावावर घ्यायचं असेल तर मी लसीकरण सुचवेन. तारखा ठरलेल्या असतात, गाडी तुमच्याकडे असते, आणि त्यानिमित्ताने बाळ घेऊन एकटं जायची सवय होते. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), पोलिओ, रोटाव्हायरस. न्युमोकोकल ६ आणि १४ आठवड्यांना. ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. १६ ते २४ महिन्यांत दुसरा गोवर-रुबेला आणि डीपीटीचा बूस्टर. त्यानंतरचा डोस ५ ते ६ वर्षांचा. हा शेवटचा हमखास चुकतो, कारण तोवर कार्ड कुठे ठेवलंय ते घरात कोणाला आठवत नाही. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद केलीत तर तारखेचा संदेश येतो. तिथे मोबाईल नंबर तुमचा द्या.

पायरी ७: खेळ

पहिल्या तीन वर्षांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात ३६ महिन्यांच्या वयानुसार घरी आणि अंगणवाडीत करायचे १४० खेळ आहेत. अंगणवाडीच्या सेविकाताईंना विचारा, या महिन्यात काय करू? खेळणी विकत आणायची गरज नाही. करवंटी, डाव, कपडे वाळत घालायचे चिमटे. दोन वर्षांचं मूल चवथीला बरोबर घेऊन माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांचं, सामान बघायला जा. कांगलां, नारळ, सुपारीचा घड, एकेक हातात द्या आणि नाव सांगा. असे शब्द कुठल्या ॲपमध्ये मिळत नाहीत.

२०२५ च्या राष्ट्रीय पोषण महिन्यात पुरुषांना आहार आणि संगोपनात सामील करणं हा एक विषय होता. म्हणजे सरकारच्याही ध्यानात आलं आहे. अंगणवाडीच्या पुढच्या कार्यक्रमाला जा. पन्नास बायकांत तुम्ही एकटे असाल, त्याला इलाज नाही.

जहाजावरच्या आणि रात्रपाळीच्या बापांसाठी

गोव्यात हा वर्ग मोठा आहे: जहाजावर, आखातात, कॅसिनोत, टॅक्सीवर. बाळाला व्हिडिओ कॉलवर 'बाबाला बघ, बाबाला बघ' करून फार उपयोग होत नाही. त्यापेक्षा आवाज ठरवा. रोज एकाच वेळी, एकच ओवी किंवा एकच गाणं, ते झोपायला जाताना. नेट नसेल तर रेकॉर्ड करून पाठवा. परत आल्यावर आठ-दहा महिन्यांचं मूल तुम्हाला बघून रडेल, आईला बिलगेल. ते वयच अनोळखी चेहऱ्याला घाबरण्याचं आहे. उचलून घ्यायची घाई करू नका. जमिनीवर जवळ बसा, त्याला येऊ द्या. आणि घरी आल्या आल्या बायकोने बसवलेलं वेळापत्रक मोडू नका.

पायरी ८: मन आणि बाटली

या विषयावर पुरुष बोलत नाहीत, म्हणून जरा थांबतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात बाळंतपणाच्या आसपासच्या काळात सुमारे १० टक्के वडिलांत नैराश्य आढळलं. बापाचं नैराश्य रडण्यातून कमी दिसतं. चिडचिड, घरी उशिरा येणं, जास्त पिणं यातून दिसतं. बायकोचंही बघा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ती गप्प, बाळाकडे लक्ष नाही, झोप मिळूनही झोप नाही, असं असेल तर 'होतं असं' म्हणून सोडू नका.

या बाबतीत गोवा खरंतर पुढे आहे. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. गावातल्याच साध्या बायकांना शिकवून नैराश्य असलेल्या गरोदर बायकांना आधार द्यायचा, असा त्यांचा प्रयोग गोव्यात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्याआधी २०१७ मध्ये त्यांचाच दुसरा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला होता. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक पातळीला दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर तो झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांशी एक ते चार बैठकी झालेल्यांमध्ये दारू पूर्ण बंद ठेवणारे जास्त निघाले. चार बैठकी म्हणजे काही फार नाही. आपल्याकडे 'बाळ झालं की सुटेल' म्हणतात. तसं सहसा होत नाही. रात्री बाळाला घ्यायचं असेल त्या रात्री प्यायची नाही, आणि प्यायलेल्याने बाळाशेजारी झोपायचं नाही. इतका नियम तरी आजपासून.

फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास आणि मोफत. प्रत्यक्ष जायचं तर बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

पायरी ९: चार बाप जमवा

जगात बापांसाठी जे कार्यक्रम चालले त्यांत रवांडाचा 'बांदेबेरेहो' मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या प्रोमुंदो संस्थेच्या 'प्रोग्राम पी'वरून तो बेतलेला आहे. तरुण बापांच्या १५ बैठकी, त्यातल्या ८ बायकोसोबत. भाषणं नाहीत. गरोदरपण, पैसे, राग, मुलांना मारणं, घरकाम यावर बोलायचं आणि घरी करून बघायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या घरांत बायकोवरची हिंसा कमी, मुलांना मारणं कमी आणि बापाचं घरकाम जास्त असं आढळलं. सहा वर्षांनंतरच्या पाहणीतही हा फरक टिकून होता. आपल्याकडे मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांबरोबर काम करते.

गावात हे करायला अनुदान लागत नाही. भजनी मंडळ आहे, क्लब आहे, दिवाळीत नरकासुराचा पुतळा करणारी पोरं आहेत. त्यांतले लहान मुलं असलेले चार-पाच निवडा, महिन्यातून एकदा तासभर, आरती किंवा मॅच झाल्यावर. पहिल्या बैठकीत सल्ले देऊ नका. प्रत्येकाने एवढंच सांगायचं: काल मुलासाठी मी एकट्याने काय केलं. पहिल्यांदा बरीच शांतता पसरते. पुढच्या महिन्यात मात्र सांगण्यासाठी का होईना, माणसं काहीतरी करून येतात. जमलं तर आरोग्य केंद्राच्या सिस्टरना एकदा बोलवा.

मारण्याचा विषय या बैठकीत घ्याच. गोव्याला २००३ पासून स्वतःचा बालकायदा आहे आणि शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. मला वर्गात हात उगारता येत नाही. तरी पालकच येऊन सांगतात, 'सर, दोन ठेवून द्या.' घरी हात उठतोय असं वाटलं तर खोलीबाहेर पडा, पाणी प्या, मग बोला. कुठल्या मुलावर अत्याचार होताना दिसला तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

पायरी १०: शाळेत

शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला लागतात. म्हणजे बापांना भरपूर जागा आहे. बैठक सकाळी अकराला ठेवली तर कामावरचा माणूस कसा येणार, हे खरं आहे. पण शनिवारी किंवा संध्याकाळी ठेवा असं लेखी मागणारा एकही बाप मला भेटलेला नाही. मागितलंत तर मिळतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात आपला नंबरही घालायला सांगा. बहुतेक गटांत फक्त आयांचे असतात. आणि प्रगतिपुस्तक घ्यायला याल तेव्हा मुलाच्या शेजारी बाकावर कोण बसतं, त्याचं नाव विचारून जा.